फुगणारं लाइफ जॅकेट : होडीत बसण्याआधी काय तपासायचं, घरी कसं जपायचं

भुसावळात मे महिन्यात कूलर रात्रभर चालतो. हिवाळ्यातली पक्षीगणना संपली की आमच्या गटाची चार फुगणारी लाइफ जॅकेटं माझ्याकडे ठेवायला येतात. त्या वर्षी मी ती कूलरच्याच खोलीत खुंट्यांना टांगली होती, कारण घरात थंड अशी तेवढी एकच खोली. एका रात्री दोनच्या सुमारास ‘फट्’ आवाज झाला आणि मागोमाग जोरात ‘फुस्स्’. सगळं घर जागं झालं. दिवा लावून पाहिलं तर कूलरच्या समोरचं जॅकेट टम्म फुगून भिंतीला टेकलं होतं. पाण्याचा थेंबही त्याला लागला नव्हता. वाळ्याच्या ताट्यांमधून महिनाभर आलेल्या ओल्या हवेनं त्याच्या आतली विरघळणारी गोळी भुसभुशीत करून टाकली होती.

सकाळी उरलेली तीन उघडून बसलो. दोन ठीक होती. तिसऱ्याची हिरवी खूण, जी पाहून जॅकेट तयार आहे असं वाटतं ती, अगदी जागेवर होती, पण वायूचं सिलिंडर फिरवून बाहेर काढलं तर त्याच्या तोंडाला सुईनं टोचल्यासारखं भोक. म्हणजे ते कधीतरी फुगलं होतं, कुणीतरी हवा काढून नीट घडी घातली होती, हिरवी क्लिप नवी लावली होती, आणि सिलिंडर तेच रिकामं ठेवलं होतं. जानेवारीत हतनूर धरणाच्या फुगवट्यात आमच्यातला एक जण तेच जॅकेट घालून चार तास होडीत बसला होता. त्याला पोहता येत नाही.

तेव्हापासून ही जॅकेटं मी स्वतः तपासतो आणि गटात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे काम हातानं करायला लावतो. पुढे लिहिलंय ते त्याच क्रमानं.

आत काय असतं

बाहेरून हे जॅकेट म्हणजे गळ्यात घालायचा जाडसर पट्टा दिसतो. त्याच्या कव्हरच्या आत चार गोष्टी असतात. एक ब्लॅडर, म्हणजे हवा भरायची पिशवी. एक छोटं पोलादी सिलिंडर, ज्यात दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. सिलिंडरच्या तोंडाला टोचणारी यंत्रणा, जिला फायरिंग हेड म्हणतात. आणि तोंडानं फुंकायची एक नळी, ती वरच्या टोपणासकट.

दोरी ओढली की हेडमधली सुई सिलिंडरला भोक पाडते आणि ब्लॅडर काही सेकंदांत फुगतं. हा झाला हातानं चालणारा प्रकार. आपोआप फुगणाऱ्या प्रकारात दोरी असतेच, शिवाय एक बॉबिन असते. ही बोटाच्या पेराएवढी गोळी स्प्रिंगला दाबून धरते. पाणी लागलं की ती विरघळते, स्प्रिंग सुटते आणि सुई टोचते. तिसरा प्रकार पाण्याच्या दाबावर चालतो. ‘हॅमर’ नावाचं स्वीडिश हेड त्यातलं सगळ्यांत माहीत असलेलं. ते साधारण दहा सेंटिमीटर पाण्याखाली गेल्यावरच सुटतं, त्यामुळे पाऊस, शिंतोडे, ओली हवा यांचं त्याला काही नसतं. माझ्या खोलीत ते असतं तर त्या रात्री सगळे शांत झोपले असते.

मोठ्या माणसांची बहुतेक फुगणारी जॅकेटं १५० न्यूटनची असतात आणि त्यांत ३३ ग्रॅम वायूचं सिलिंडर असतं. १५० न्यूटन म्हणजे अंदाजे पंधरा किलोंचा उचलणारा जोर. नुसतं डोकं पाण्याबाहेर ठेवायला बहुतेक प्रौढांना तीन ते पाच किलोंचा जादा आधार पुरतो. मग पंधरा कशाला? बेशुद्ध माणूस पालथा पडला तर त्याला उताणा वळवायला आणि त्याचं तोंड लाटेच्या वर ठेवायला. लेबलवर आयएसओ १२४०२-३ असा आकडा असेल तर तो याच वर्गाचा. ५० न्यूटनचं जॅकेट, म्हणजे १२४०२-५, हे पोहता येणाऱ्याला काठाजवळ मदत म्हणून असतं. ते कुणाला उताणं करत नाही.

हे जॅकेट कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये

खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. अशा वेळी फोमचं जाड जॅकेट माणूस दहा मिनिटं घालतो आणि मग काढून त्याच्यावरच बसतो. मी हे तापीवर, गिरणा धरणावर, सगळीकडे पाहिलंय. जे अंगावर नाही ते वाचवणार कसं? रोज पाण्यावर काम करणारे, म्हणजे मासेमारी करणारे, नावाडी, पाणी मोजणारे कर्मचारी, पक्षी मोजणारे आमच्यासारखे लोक, यांच्यासाठी फुगणारं जॅकेट त्यामुळे खरोखर मोलाचं आहे. ते दिवसभर अंगावर राहतं.

पण प्रवासी वाहून नेणाऱ्या होडीत, लहान मुलांसाठी, सहलीच्या गर्दीसाठी फोमचंच घ्या. उकाईच्या फुगवट्यात नवापूरकडे किंवा सरदार सरोवराच्या पाण्यात अक्कलकुवा-धडगावच्या बाजूला होडी हीच कित्येक पाड्यांची वाट असते. तिथे रोज नवी माणसं, नवी अंगं, कुणी तपासायला नाही. फोमला तपासणी फार लागत नाही, ते टाकलं की तरंगतं. फुगणारं जॅकेट सांभाळायला एक जबाबदार माणूस नेमता येत नसेल तर ते घेऊ नका. पोहता न येणाऱ्यानंही शक्यतो फोमचंच घालावं, आणि फुगणारं घातलंच तर आपोआप फुगणारं, आदल्या दिवशी तपासलेलं.

जाळं ओढायला जो वारंवार छातीभर पाण्यात उतरतो त्याला मात्र बॉबिनचं जॅकेट कामाचं नाही, ते दर वेळी फुगेल. त्याच्यासाठी हातानं ओढायचं, किंवा साधं फोमचं.

पहिलं काम : उघडा आणि सिलिंडर काढा

सतरंजीवर किंवा स्वच्छ टेबलावर जॅकेट पसरा. चेन किंवा चिकटपट्टी उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा, उघडल्यावर पुन्हा काढा. घडी कशी होती, ओढायची दोरी कुठून बाहेर आली होती, हे परत घालताना आठवत नाही.

आता सिलिंडर हातानं उलटं फिरवून काढा. एक नियम पाठ करून ठेवा : काढताना सिलिंडर सगळ्यांत आधी, लावताना सगळ्यांत शेवटी. सिलिंडर जागेवर असताना बॉबिनला हात लावला की जॅकेट तुमच्या तोंडावर फुगू शकतं. (हॅमर प्रकारात सिलिंडर ब्लॅडरच्या आत असतं. ते उघडायच्या फंदात पडू नका, त्याबद्दल पुढे.)

सिलिंडर हातात आलं की चार गोष्टी पाहा.

तोंड. मधली चकती अखंड, गुळगुळीत हवी. बारीकसं भोक किंवा खड्डा दिसला तर ते वापरलेलं आहे, कितीही नवं दिसो.

गंज. तापीचं पाणी गोडं, त्यामुळे समुद्रासारखा गंज इथे चढत नाही. पण ओलं जॅकेट तसंच पिशवीत कोंबलं तर चढतोच. नुसता डाग असेल तर कोरड्या फडक्यानं पुसा. खरखरीत, पापुद्रे सुटलेलं सिलिंडर बदला, ते वायू धरून ठेवेल की नाही ही एक गोष्ट, आणि त्याची धार ब्लॅडरला घासून भोक पाडते ही दुसरी.

आटे. चिरडलेले किंवा मातीनं भरलेले नकोत.

वजन. ही सगळ्यांत महत्त्वाची तपासणी, आणि हीच लोक करत नाहीत. सिलिंडरच्या अंगावर त्याचं भरलेलं एकूण वजन कोरलेलं असतं. समजा १४५ ग्रॅम लिहिलंय, तर काट्यावर तेवढं भरलं पाहिजे. कुठल्या सिलिंडरवर ‘किमान वजन’ असं लिहिलेलं असतं, तेव्हा त्याच्या खाली एक ग्रॅमही चालत नाही. नाहीतर किती फरक चालेल ते माहितीपत्रकात दिलेलं असतं. पत्रक हरवलं असेल तर दोन ग्रॅमहून जास्त कमी भरलेलं सिलिंडर मी ठेवत नाही. ३३ ग्रॅम वायू निघून गेला तर बाहेरून काहीच कळत नाही, फक्त काटा सांगतो.

घरातला इलेक्ट्रॉनिक काटा एक ग्रॅमपर्यंत दाखवत असेल तर पुरतो. किराणा दुकानातल्या काट्यावर विसंबू नका, तो पाच-पाच ग्रॅमनं उडी मारतो. आम्ही पहिल्यांदा काय केलं, तर जळगावला ओळखीच्या सराफाकडे गेलो. सोनं तोलायच्या त्या काचेच्या पेटीत त्यांनी एकेक सिलिंडर ठेवलं. दोन सिलिंडरं लिहिल्याबरहुकूम भरली, तिसरं, ते भोक पडलेलं, ३३ ग्रॅमनं हलकं. सराफानं स्वतः तो आकडा दोनदा वाचला. मग मी घरी काटा घेतला, आणि त्या दोन भरलेल्या सिलिंडरांच्या सराफी वजनांवर तो ताडून पाहिला.

वजन झालं की सिलिंडरवर खडूनं किंवा कागदी पट्टीवर तारीख लिहा. काही कोरू नका, ठोकू नका.

आणखी एक. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरायची कार्बन डायऑक्साइडची छोटी सिलिंडरं ऑनलाइन स्वस्तात मिळतात. दिसायला सारखी. त्यांचे आटे आणि वायूचं वजन दोन्ही वेगळं असतं. ती लावू नका. जॅकेटच्या मॉडेलसाठी जो संच सांगितलाय तोच घ्या, त्यात सिलिंडर, बॉबिन आणि हिरवी क्लिप एकत्र येतात. संच कुरिअरनं मागवताना आत दाबाखालचा वायू आहे हे विक्रेत्यानं जाहीर करावं लागतं, त्यामुळे वेळ लागतो. हंगामाच्या दोन दिवस आधी मागवून उपयोग नाही.

बॉबिन आणि हिरवी खूण

बॉबिनवर तारीख असते. ती नीट वाचा, कारण काहींवर मुदत संपायची तारीख असते आणि काहींवर तयार झाल्याची. तयार झाल्याची असेल तर साधारण तीन वर्षांपर्यंत वापरतात, पण पत्रकात कमी लिहिलं असेल तर तेच खरं. मी स्वतः दर दोन पावसाळ्यांनी बदलतो. खान्देशात कूलर आणि पावसाळा मिळून सहा महिने हवा ओली असते, तेव्हा तीन वर्षं ताणणं मला पटत नाही.

बॉबिन हातात घेऊन बघा. चांगली असेल तर कडक लागते, कडा सरळ असतात. पांढरी भुकटी गळत असेल, कड खचली असेल, बोटानं दाबल्यावर कुरकुरली तर फेकून द्या. बसवताना कुठली बाजू वर हे फोटोत पाहा.

हॅमर हेडची मुदत त्याच्या तोंडावर छापलेली असते, बहुतेक पाच वर्षांची. मुदत संपली की अख्खं हेड सिलिंडरसह बदलायचं, ते अधिकृत सर्व्हिसवाल्याकडूनच. मधल्या काळात फक्त खूण हिरवी आहे का आणि ब्लॅडरच्या बाहेरून हात लावून सिलिंडर घट्ट लागतंय का, एवढं पाहायचं.

हिरव्या खुणेबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण आमची फसगत तिथेच झाली. बऱ्याच हेडवर हिरवी क्लिप फक्त एवढंच सांगते की ओढायच्या दोरीला जोडलेली तरफ जागेवर आहे. सिलिंडरमध्ये वायू आहे की नाही याचा तिला पत्ताच नसतो. काही नव्या हेडमध्ये सिलिंडर बसवलंय आणि टोचलेलं नाही हेही खिडकीत दिसतं. तुमच्याकडे कुठला प्रकार आहे ते पत्रकात वाचून, जॅकेटच्या आतल्या लेबलशेजारी पक्क्या शाईनं लिहून ठेवा. आमच्या तीन जॅकेटांवर आम्ही लिहिलंय : ‘हिरवं म्हणजे भरलेलं नव्हे’.

रात्रभर फुगवून ठेवा

सिलिंडर बाहेर, बॉबिनही बाहेर. आता नळीचं टोपण काढून तोंडानं फुंका. पंप लावू नका, कॉम्प्रेसर तर मुळीच नाही. पंक्चरच्या दुकानात हवा मारून आणलेलं एक ब्लॅडर मी शिवणीत उसवलेलं पाहिलंय. दम लागेपर्यंत फुंकायची गरज नाही, हाताला कडक लागेल, सुरकुत्या जातील एवढं पुरे.

सिलिंडर का काढायचं हे आता लक्षात येईल. तोंडानं पूर्ण फुगवलेल्या ब्लॅडरमध्ये चुकून सिलिंडरचा वायूही शिरला तर ब्लॅडर फाटू शकतं.

फुगवलेलं जॅकेट बारा ते चोवीस तास सावलीत, एकसारख्या तापमानाच्या जागी ठेवा. रात्र आणि दुपार यांत खान्देशात पंधरा-वीस अंशांचा फरक पडतो, त्यामुळे पहाटे पाहिलं तर ते थोडं मऊ लागतं आणि माणूस उगाच घाबरतो. म्हणून मी संध्याकाळी सातला फुगवतो आणि दुसऱ्या संध्याकाळी सातलाच बघतो. तेव्हा ते जवळजवळ तसंच कडक हवं.

मऊ पडलं असेल तर आधी नळीची झडप तपासा. तोंडाशी साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतात का बघा. मग स्पंजनं शिवणीवर, हेड जिथे ब्लॅडरला जोडलंय त्या कडेवर फेस फिरवा. पंक्चरवाला ट्यूब टबात बुडवतो तसं बुडवायचा मोह होतो, पण फेसानं काम होतं आणि हेडमध्ये पाणी जात नाही. गळती झडपेत असेल आणि कचरा अडकला असेल तर झडप दोन-तीनदा दाबून फुंकल्यावर ती सुटते. ब्लॅडरमध्ये असेल तर जॅकेट बाजूला ठेवा. सोल्युशन आणि ट्यूबचा तुकडा लावून ते जोडू नका. तो तुकडा टेबलावर टिकतो, पण सिलिंडर सुटल्यावर ब्लॅडर क्षणात ताणलं जातं तेव्हा टिकेलच असं नाही. अशा जॅकेटचा निर्णय सर्व्हिसवाल्यानं घ्यायचा, नाहीतर ते मोडीत.

आता हवा काढणं. नळीचं टोपण उलटं करून झडपेत दाबलं की झडप उघडी राहते. जॅकेट हळूहळू गुंडाळत सगळी हवा बाहेर काढा. पेन्सिल, काडी, तार घालू नका. आणि मग, कृपा करून, ते टोपण सरळ करून पुन्हा बसवा. उलटं टोपण तसंच राहिलं तर झडप उघडी राहते आणि पाण्यात सिलिंडरचा वायू त्याच नळीतून निघून जातो. जॅकेट फुगेल आणि तुमच्या डोळ्यांसमोर मऊ पडेल. आमच्याकडे घडी घालण्याआधी एक जण मोठ्यानं म्हणतो, ‘टोपण?’ आणि दुसरा हात लावून पाहतो. हे दोन माणसांचंच काम ठेवलंय.

पट्टे, शिट्टी, दिवा

हवा काढण्याआधी, ब्लॅडर फुगलेलं असतानाच, हे पाहून घ्या. पट्टे ताणून बघा, उन्हानं रंग उडालेला पट्टा आतून सडलेला असतो. नखानं खरवडल्यावर धागे तुटत असतील तर जॅकेट बाद. बक्कल दहा वेळा लावून-काढून पाहा, ‘टक्’ आवाज आला पाहिजे. दोन्ही पायांमधून जाणारा पट्टा बरेच जण लाजून काढून टाकतात. तो परत लावा. तो नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकून कानांपर्यंत येतं आणि तोंड पाण्यातच राहतं. शिट्टी वाजवून बघा, चमकपट्ट्या पुसा, दिवा असेल तर त्याच्या बॅटरीची तारीख वाचा.

नाव शिवून घेऊ नका. एका मित्रानं जॅकेटवर गटाचं चिन्ह शिंप्याकडून शिवून आणलं होतं. फार सुंदर शिवलं होतं, आणि ब्लॅडरला ओळीनं चौदा भोकं. बिल्ला लावायची सेफ्टी पिनही तशीच घातक.

धुणं आणि घडी

हतनूरच्या गाळात किंवा जलपर्णीत भिजून आलेलं जॅकेट सिलिंडर-बॉबिन काढून साध्या पाण्यानं, फार तर अंघोळीच्या साबणानं, मऊ ब्रशनं धुवा. मशिनमध्ये नको, ब्लीच नको, इस्त्री नको. ब्लॅडर बाहेर काढून सावलीत दोन दिवस वाळू द्या. कव्हर वरून वाळलं तरी आतल्या घड्यांत ओल राहते.

पूर्ण वाळल्यावर आधी बॉबिन, मग हेडची तरफ वर करून हिरवी क्लिप, आणि शेवटी सिलिंडर. सिलिंडर हातानं घट्ट करा, पाना किंवा पकड लावू नका. घडी फोटो पाहून, ब्लॅडरमध्ये अजिबात हवा नसताना. ओढायची दोरी बाहेर लोंबती हवी, कव्हरच्या आत गेलेली दोरी म्हणजे नसलेली दोरी.

आपल्या हवेत ठेवायचं कुठे

बाजारात मिळणारी बहुतेक माहितीपत्रकं समुद्रकाठच्या लोकांसाठी लिहिलेली असतात. मिठाबद्दल पानभर आणि उन्हाबद्दल एक ओळ. आपल्याकडे उलटं हवं.

कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहूच शकत नाही. भरलेल्या सिलिंडरमध्ये त्या पुढे दर अंशाला दाब झपाट्यानं चढतो. सिलिंडर तो दाब सोसण्यासाठीच बनवलेलं असतं, पण त्यालाही मर्यादा असते आणि ती पत्रकात दिलेली असते. एप्रिलच्या दुपारी धुळ्याला किंवा भुसावळला उन्हात उभ्या केलेल्या गाडीची डिकी उघडून आत हात घालून बघा. तिथे जॅकेट ठेवायचं नाही. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावरही नाही. होडीत रिकामं पडून राहणार असेल तर काढून सोबत न्या. ऊन कापडाचा आणि पट्ट्याच्या धाग्याचा जीव घेतं, आणि तो तोटा भरून येत नाही.

माझी आताची जागा सांगतो. मधल्या खोलीचं लाकडी कपाट, कूलरपासून दूर, भिंतीपासून चार बोटं सोडून. रुंद खांद्याच्या हँगरवर प्रत्येक जॅकेट मोकळं टांगलेलं, वर काही ठेवलेलं नाही. पावसाळ्यात कपाटात ओल शोषणाऱ्या पुड्या ठेवतो आणि दर पंधरा दिवसांनी दार दिवसभर उघडं ठेवतो. डांबराच्या गोळ्या टाकत नाही.

उंदीर हा विषय हसण्यावारी नेऊ नका. ज्या घरात दादर ज्वारीची पोती आहेत तिथे उंदीर येणारच, आणि जॅकेटचं कापड तो कुरतडतो. कोठीच्या खोलीत जॅकेट नको. धूळही आहेच. तापीकाठच्या बारीक गाळाची धूळ बक्कलमध्ये आणि नळीच्या झडपेत जाऊन बसते. कपाटातून काढल्यावर कोरड्या ब्रशनं ती झाडून घ्या.

सबंध तपासणी वर्षातून दोनदा. आम्ही आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी एक करतो, उन्हाळ्याची साठवण सुरू होते म्हणून, आणि दिवाळी झाल्यावर दुसरी, गणनेचा हंगाम सुरू होतो म्हणून. सणाला जोडून ठेवलं की विसरत नाही.

काठावर, दर वेळी

होडीत पाय ठेवण्याआधी दोन मिनिटं. सिलिंडरवर हात ठेवून ते घट्ट आहे का पाहा. मोटरसायकलवरच्या खडबडीत वाटेनं आणि होडीच्या इंजिनाच्या थरथरीनं ते सैल होतं, आणि थोडंसं सैल असलं तरी सुई नीट पोचेलच असं नाही. हिरवी खूण पाहा. दोरी बाहेर आहे का पाहा. पट्टा आवळा, छाती आणि पट्ट्यामध्ये मूठ जेमतेम जाईल एवढा.

जॅकेट सगळ्यांत वर. रेनकोट, स्वेटर, शाल यांच्या आत घातलं आणि ते फुगलं तर छाती दाबली जाते. दुर्बिणीचा आणि कॅमेऱ्याचा पट्टा, गळ्यातला रुमाल हेही जॅकेटच्या वरून नकोत. थंडीत पहाटे चांगदेवला, तापी-पूर्णेच्या संगमावर, लोक हटकून शाल वरून पांघरतात. मी होडी सोडू देत नाही.

काठाच्या वेड्या बाभळीत होडी शिरवताना हातानं फांद्या बाजूला करा, काटा कव्हरमधून सरळ ब्लॅडरपर्यंत जातो. मासे धरायचे गळ वेगळ्या डब्यात. होडीत बिडी नको.

आमच्या पहिल्या गणनेला एका जाणत्या नावाड्यानं मला विचारलं होतं, ‘माले पवता येस, जाकीट काबर घालू?’ मी त्यांना म्हटलं, आबा, डोक्याला वल्हं लागून पडलात तर पोहणार कोण? ते थोडा वेळ पाण्याकडे बघत बसले आणि मग त्यांनी हात पुढे केला. आता तेच आम्हाला दोरी आत गेली की ओरडतात.

आणि हतनूरचे दरवाजे उघडल्यावर खालच्या पात्रात उतरायचं नाही. ४१ दरवाज्यांचं धरण आहे, त्या ओढीत कुठलंही जॅकेट माणसाला काठाला आणत नाही.

एकदा प्रत्यक्ष फुगवून बघा

मुदत संपत आलेलं सिलिंडर आणि बॉबिन फेकण्याआधी वापरून घ्या. जलतरण तलावात, दोन पोहणारे शेजारी ठेवून, जॅकेट घालून पाण्यात उतरा. बॉबिन सुटायला क्षणभर लागतो, तो क्षण फार मोठा वाटतो. मग कानाशी मोठा आवाज, गळ्याभोवती घट्ट आवळल्यासारखं, मान वळवता येत नाही. पहिल्यांदा माणूस घाबरून जॅकेट काढायला बघतो. म्हणूनच हा सराव. उताणं पडून हातांनी मागे पोहत काठाला या, नळी शोधून थोडं फुंकून बघा. कार्बन डायऑक्साइड काही तासांत ब्लॅडरमधून हळूहळू झिरपतो, तेव्हा तोंडानं भर घालावी लागते. मग होडीत किंवा काठावर चढायचा प्रयत्न करा. छातीवर एवढा फुगा असताना एकट्याला चढता येत नाही, वरून कुणीतरी ओढावं लागतं. हे आधी कळलेलं बरं.

फुगलेलं जॅकेट पुन्हा वापरायचं तर पूर्ण नवा संच, आणि रात्रभर फुगवण्याची तपासणी पुन्हा पहिल्यापासून.

वही

शेवटी, दोनशे पानी वही घ्या. प्रत्येक जॅकेटला एक पान आणि कव्हरच्या आत तोच नंबर. तारीख, सिलिंडरवर कोरलेलं वजन, काट्यावर भरलेलं वजन, बॉबिनची तारीख, चोवीस तासांनी कडक की मऊ, कुणी तपासलं त्याची सही. सलग दोन नोंदींत वजन एका ग्रॅमनं जरी उतरलं तरी मी ते सिलिंडर बदलतो, काटा चुकला असेल अशी समजूत काढत नाही.

वापरलेली सिलिंडरं घरात ठेवू नका. भोक आहे याची खात्री करून त्यावर लाल ऑइलपेंटचा आडवा पट्टा मारा, आणि भंगारवाल्याकडे द्या. आमचं ते रिकामं सिलिंडर भोवती दोनदा लाल पट्टा मारूनच गेलं.